स्प्रे बाटलीचे नोझल

अत्तर, नाकात मारायचे औषध, काच पुसायचे द्रावण, सॅनिटायझर अशा हाताने चालवायच्या लहान बाटल्यांच्या तोंडाशी बसवलेला, आतल्या द्रवाचे तुषार करणारा भाग. तो बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचा असतो आणि करंगळीच्या नखाएवढाही नसतो. बाटलीत दट्ट्या, स्प्रिंग, झडपा, नळी असे बरेच काही असते. तुषार कसे उडतील हे मात्र या शेवटच्या एकदोन मिलिमीटरांत ठरते.

बारीक थेंब हवे असतील तर भोक बारीक करावे, असे कोणालाही वाटेल. लग्नकार्यातली गुलाबदाणी पाहिली की या समजुतीची मर्यादा कळते. तिच्या जाळीतून गुलाबपाण्याच्या धारा निघतात आणि हवेत आपोआप तुटतात. धारेवर उमटलेली लाट धारेच्या परिघाहून लांब असली की पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, धारेला तिथे आवळत जातो आणि शेवटी तिचे मणी होतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७८ मध्ये याचे गणित मांडले. त्यानुसार पाण्यासारख्या द्रवाचा थेंब धारेच्या व्यासाच्या सुमारे १.८९ पट असतो. म्हणजे ०.३ मिमी भोकातून ०.५७ मिमीचा थेंब पडणार. अंगावर शिंपडायला तो छान, अत्तराला फार मोठा. या रीतीने ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब काढायचा तर भोक २६ मायक्रॉनचे, डोक्याच्या केसाहून बारीक लागेल आणि धुळीचा एक कण ते बुजवून टाकेल.

यातून वाट निघाली ती द्रवाला गरगर फिरवण्याची. नोझलच्या आतल्या बाजूला भोकाभोवती एक चिमुकली गोल खोली असते. तिच्यात द्रव सरळ न येता दोन-तीन अरुंद खाचांतून कडेला स्पर्श करत आत येतो आणि फिरू लागतो. मोरीच्या जाळीकडे जाणारे पाणी जसे मध्याशी येता येता जास्त जोरात फिरते, तसाच इथेही भोकाशी येईपर्यंत फिरण्याचा वेग वाढतो. मध्ये हवेची पोकळी तयार होते, द्रव भोकाच्या कडेला चिकटून पातळ थर होऊन बाहेर पडतो आणि पोकळ शंकूसारखा उघडतो. हा पडदा पुढे जाईल तसा ताणला जाऊन आणखी पातळ होतो, फाटतो, त्याच्या दोऱ्या होतात आणि दोऱ्यांचे थेंब. थेंबाचे माप पडद्याच्या जाडीवरून ठरते, म्हणून ०.३ मिमी भोकातूनही ५० मायक्रॉनच्या आसपासचे तुषार मिळू शकतात. मला हा या वस्तूचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो: भोक मोठेच राहते, कचऱ्याने सहज बुजत नाही, आणि काम बारीक होते. शेतातल्या फवारणी पंपाचे पोकळ शंकूचे नोझलही याच तत्त्वावर चालते.

रचना करणाऱ्याच्या हाती मापे मोजकीच असतात. खाचा अरुंद केल्या की द्रव जास्त वेगाने फिरतो, शंकू रुंदावतो, पण दाब जास्त लागतो. भोकाची सरळ लांबी वाढवली की भिंतीशी घर्षण होऊन फिरणे मंदावते आणि शंकू आवळतो.

दाब येतो तो बोटातून. ६ मिमी व्यासाच्या दट्ट्याने ४ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे चौपट, दाब करायला साधारण १.१५ किलो वजनाइतका जोर लागतो, स्प्रिंगचा विरोध वेगळा. व्यास दुप्पट केला तर जोर चौपट लागेल. आजीच्या बोटाला ते जमणार नाही. म्हणूनच अत्तराच्या पंपातून एका दाबात जेमतेम ०.१ मिलिच्या आसपास द्रव निघतो, आणि जास्त द्रव हवा असेल तिथे तरफेचा फायदा देणारा बंदुकीसारखा घोडा बसवतात. ४ बारला पाण्याचा आदर्श वेग सेकंदाला २८ मीटर येतो. पण बोट ठेवताना आणि उचलताना दाब कमी असतो, आणि तेवढ्या क्षणात तुषारांऐवजी मोठे ओघळते थेंब पडतात. चांगल्या पंपात दाब पुरेसा झाल्याशिवाय झडप उघडतच नाही आणि दाब घसरताच ती मिटते. माझ्या मते चांगल्या आणि वाईट बाटलीतला फरक सर्वात जास्त इथेच जाणवतो.

द्रव बदलला की नोझल पुन्हा तपासावे लागते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, इथेनॉलचा सुमारे २२. त्यामुळे अत्तर सहज फुटते. श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, वाढली की गरगरणे मरते. खोबरेल तेल किंवा सॅनिटायझरचे जेल तशाच बाटलीत भरले तर शंकू उघडतच नाही, नुसती पिचकारी उडते. नाकातल्या काही औषधांत मात्र असा घट्टपणा मुद्दाम ठेवतात: बाटली हलवली आणि दाबली की द्रव सैल होतो, नाकात गेल्यावर पुन्हा दाटतो आणि ओघळत नाही.

थेंब जितका बारीक तितका चांगला, असेही नाही. १ मिलि द्रवाचे ५० मायक्रॉनचे थेंब केले तर सुमारे दीड कोटी थेंब होतात आणि पृष्ठभाग एका गोळ्याच्या तुलनेत जवळजवळ २५० पट वाढतो. सुगंध दरवळतो तो यामुळे. पण १० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला ३ मिमीच खाली येतो. तो दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला आठ मिनिटांहून जास्त लागतील, मध्येच तो वाळलाही असेल. त्याहून बारीक, ५ मायक्रॉनच्या आतले थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात पोचतात. दम्याच्या इनहेलरमध्ये हेच हवे असते, फरशी पुसायच्या द्रावणात ते मुळीच नको.

या खाचा इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्यातून येतात. साच्यातली भोकाची पिन झिजली किंवा तिच्याकडेने प्लॅस्टिकचा पापुद्रा, ज्याला कारखान्यात फ्लॅश म्हणतात, सुटला तर शंकू एका बाजूला कलतो. डोळ्यांना न दिसणारा हा दोष पाण्याने निळा पडणाऱ्या पिवळ्या कागदावर एक दाब मारताच दिसतो: वर्तुळाऐवजी चंद्रकोर उमटते. थेंबांचे माप लेसरच्या किरणाने घेतात.

हाताने चालणारा तुषारक आधी दवाखान्यात लोकप्रिय झाला. अमेरिकेतल्या टोलेडोचे घशाचे डॉक्टर ॲलन डिव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रबरी फुग्याने औषध फवारणारे उपकरण बनवले; पुढे त्याच घराण्याच्या कंपनीने ते अत्तराच्या बाटलीवर आणले. त्यात फिरण्याची खोली नव्हती, वेगाने जाणारी हवा द्रव ओढून फोडत असे. दाबाखालचा वायू भरलेल्या एरोसोल डब्याचे पेटंट नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात घेतले.

वापरात नोझल बिघडते ते बहुधा वाळलेल्या द्रवाने: इस्त्रीची खळ, केसांचा स्प्रे, बोअरच्या पाण्यातले क्षार. नोझल असलेली टोपी काढून ती कोमट पाण्यात भिजवावी, क्षार असतील तर पातळ व्हिनेगरमध्ये, आणि मग नुसत्या पाण्याने पंप चालवावा. टाचणी घालू नये. भोकाच्या कडेवर एक ओरखडा आला की पडदा तिथेच चिरतो आणि मग कितीही धुतले तरी तुषारांत ती एक जाड धार कायम राहते.