एअर पिस्तूल शिकायचंय? खरेदीआधी हे वाचा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी पिस्तुलात आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेंनी रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून पालक मुलाला घेऊन आमच्या नेमबाजीच्या रेंजवर येतात आणि आल्या आल्या विचारतात, “कुठलं पिस्तूल घेऊ?” आम्ही पिस्तुलं, ग्रिप (पिस्तुलाची मूठ) आणि छर्रे विकतो, तरी आमचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: पहिले तीन महिने काहीही घेऊ नका. रेंजचंच पिस्तूल वापरा.

नेमका खेळ कोणता?

10 मीटर एअर पिस्तूल. उभं राहून, एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न घेता नेम धरायचा. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पात्रता फेरीत सव्वा तासात 60 शॉट मारायचे, त्याआधी तयारी आणि सराव-शॉटसाठी 15 मिनिटं मिळतात. पूर्ण गुण 600. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. पॅरिसला भाकर यांचे 221.7 झाले आणि फक्त 0.1 गुणाने त्यांना कांस्यावर थांबावं लागलं.

काही तरुण मोबाइलवर वेगळंच पाहून येतात: कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, धावत, वळत एकामागून एक टार्गेट पाडायची. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. 1976 साली अमेरिकेतल्या कोलंबिया, मिझुरी इथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, त्यामुळे अचूकपणा आणि वेग दोन्ही लागतात. खेळ अस्सल आहे आणि शिस्तही कडक आहे. पिस्तुलाचं तोंड ठरलेल्या दिशेबाहेर गेलं की खेळाडू स्पर्धेतून बाद. पण त्यात किमान 9 मिलिमीटरची काडतुसं लागतात आणि आपल्या कायद्यात ते सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. म्हणून आम्ही ते शिकवत नाही. परदेशात राहणाऱ्या कुणाला तिथल्या क्लबात जायचं असेल, तर इथे पक्की झालेली ट्रिगरची सवय तिथेही उपयोगी पडेल.

एअर पिस्तुलाला मात्र परवाना लागत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतचं आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेचं हवेचं शस्त्र परवान्यातून मुक्त आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा साधारण 6 ज्यूल असते. खरेदीच्या वेळी ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आम्ही घेतोच.

हात हलतो, काय करू?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. हात सगळ्यांचाच हलतो, पदक मिळवणाऱ्यांचाही. पण हात हलणं आणि साइट (नेम धरायच्या खुणा) बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला फोरसाइट असते आणि मागे खाच असलेली बॅकसाइट. दोन्हींमध्ये साधारण 32 सेंटिमीटर अंतर. आता समजा, दोन्ही साइट एका रेषेत आहेत आणि सगळा हातच 1 मिलिमीटर बाजूला सरकला. छर्राही 1 मिलिमीटरच सरकेल, दहा ते दहाच राहतील. पण हात जागेवर आहे आणि फोरसाइट खाचेत 1 मिलिमीटर सरकली, तर तीच चूक 10 मीटरवर जवळपास 31 पट होते. छर्रा 31 मिलिमीटर बाहेर जातो आणि दहाऐवजी सात मिळतात.

म्हणून नजर टार्गेटवर नको, फोरसाइटवर ठेवा. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात नेम ठेवा. खाचेत दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड एका पातळीत, एवढंच सांभाळा. “आत्ता बरोबर आलं” म्हणून जो ट्रिगर झटकन दाबतो, त्याचा छर्रा हमखास खाली जातो. बोट सावकाश, सरळ मागे येऊ द्या. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद हात तसाच धरून ठेवा.

हे सगळं छर्रा न घालताही शिकता येतं. समोर कोरी पांढरी भिंत, हातात रिकामं पिस्तूल आणि रोज 20 मिनिटं ड्राय प्रॅक्टिस. आमच्याकडे पहिले आठ दिवस फक्त हेच चालतं. मुलं कंटाळतात, पालकही विचारतात की फी भरून भिंतीकडे काय बघायचं. तरी आम्ही हे बदलत नाही. जो भिंतीसमोर टिकतो, तोच पुढे लेनवर, म्हणजे शॉट मारायच्या जागेवर, टिकतो, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.

उभं राहण्याची एक खूण लक्षात ठेवा. डोळे मिटून हात उचला आणि मग उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेलं असेल, तर हात वळवू नका, पाय सरकवा.

मग पिस्तूल कधी घ्यायचं?

ग्रिप कुठल्या मापाची हवी हे कळल्यावर. वाढत्या वयातल्या मुलाचा तळवा वर्षभरात बदलतो. एका गृहस्थांनी मुलासाठी मोठ्या हौसेने बाहेरून महागडं पिस्तूल आणलं, पण ग्रिप मोठी होती. मुलाचं बोट ट्रिगरवर तिरकं बसायला लागलं. ती सवय मोडायला सहा महिने गेले.

घेताना ट्रिगरचं वजन (तो दाबायला लागणारा जोर) किमान 500 ग्रॅम आणि पिस्तुलाचं एकूण वजन 1,500 ग्रॅमच्या आत आहे ना, हे तपासा. हवेच्या सिलिंडरवरची तारीखही पाहा. त्याचं आयुष्य दहा वर्षांचं असतं, त्यामुळे जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी नको. छर्रे सपाट तोंडाचेच घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात.

यात सवलत नाही

पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. ‘स्टॉप’ ऐकू आलं की अर्धवट शॉटही सोडून द्यायचा. पिस्तूल खाली ठेवताना नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) हवाच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून ते तोंडात धरू नका, लेनवर काही खाऊ नका आणि घरी जाण्याआधी साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या बाबतीत आम्ही हात धुतल्याची खात्री करूनच त्यांना सोडतो.

स्पर्धा

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. त्यापुढे राज्य स्पर्धा आणि ठरावीक पात्रता गुण मिळाले तर राष्ट्रीय. अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेचं नाव तुमच्या कानावर पडेल. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हेच 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते. आणि मुलगी असेल तर तिला राही सरनोबतबद्दल जरूर सांगा. याच कोल्हापूरच्या राहीने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

पहिल्या दिवशी येताना

सपाट तळव्याचे, घोटा न झाकणारे बूट घाला. चष्मा असेल तर तोच आणा, नवा करू नका. पोट अगदी रिकामं नको. मुलाचं वय 18 च्या आत असेल तर आई किंवा वडिलांपैकी एकाने सोबत यावं आणि पहिला पूर्ण तास लेनच्या मागे बसून पाहावं. पहिल्या दिवसाची फी आम्ही घेत नाही.