टेलर सोडतो, प्लॅट धरतो

स्पेन-अमेरिका युद्धाबद्दल वाचायला बसलं की दोन नावं हमखास एकमेकांच्या जागी जाऊन बसतात: टेलर अमेंडमेंट आणि प्लॅट अमेंडमेंट. दोन्हींना सिनेटरांची नावं, दोन्हींचा विषय क्युबा आणि मध्ये अंतर जेमतेम तीन वर्षांचं. त्यात मराठी नोट्समध्ये अमेंडमेंटचं सरसकट ‘घटनादुरुस्ती’ करून टाकलेलं असतं. अमेरिकेच्या घटनेला या दोन्हींनी हातही लावलेला नाही. आपल्याकडे सभागृहात मूळ ठरावाला उपसूचना देतात ना, तसला हा प्रकार.

आधी टेलर. १८९५ पासून क्युबाचे बंडखोर स्पेनशी लढत होते. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून अधिक माणसं गेली आणि अमेरिकेत युद्धाची ओरड सुरू झाली. एप्रिलमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हस्तक्षेपाचा ठराव केला, तेव्हा कोलोरॅडोचे सिनेटर हेन्री टेलर यांनी त्याला चौथं कलम जोडलं. त्याचा मथितार्थ असा: या बेटावर सार्वभौमत्व, अधिकार किंवा नियंत्रण गाजवण्याचा आमचा इरादा नाही, अपवाद फक्त शांतता प्रस्थापित करण्यापुरता. ते काम झालं की बेटाचा कारभार तिथल्या लोकांवर सोपवू. २० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची सही झाली.

हा शब्द फक्त क्युबाला दिलेला होता. त्यामुळे स्पेन हरल्यावर डिसेंबरात पॅरिसच्या तहात पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे गेले, फिलिपिन्स दोन कोटी डॉलर मोजून घेतलं, आणि टेलरचं कलम कुठेच आडवं आलं नाही. ज्यांच्या नावाने युद्ध झालं त्या क्युबन लोकांना पॅरिसच्या वाटाघाटीत खुर्चीही मिळाली नाही.

आता प्लॅट. नाव कनेक्टिकटचे सिनेटर ऑर्व्हिल प्लॅट यांचं, पण मसुद्यामागचं डोकं मुख्यतः युद्धमंत्री एलिहू रूट यांचं. हे कलम आलं कुठून, तर लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला चिकटून. २ मार्च १९०१ ला त्याचा कायदा झाला. प्लॅटने टेलरला रद्द केलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मूळ मजकूर मात्र सुरुवातच अशी करतो की, २० एप्रिल १८९८ च्या ठरावातल्या घोषणेची ‘पूर्तता’ म्हणून बेट तिथल्या लोकांवर सोपवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देण्यात येत आहे. म्हणजे टेलरचेच शब्द पुन्हा. पुढे फक्त एक ‘परंतु’ येतो: आधी क्युबाने आपल्या घटनेत अमेरिकेशी असलेले संबंध नोंदवावेत, आणि ते कसे नोंदवायचे हेही खाली दिलं आहे.

खाली आठ कलमं आहेत. स्वातंत्र्याला बाधा येईल असा तह परकीय सत्तेशी करायचा नाही. झेपणार नाही इतकं कर्ज काढायचं नाही. कोळसा भरण्यासाठी किंवा आरमारासाठी जागा विकत वा भाड्याने द्यायची. आणि सगळ्यात जड तिसरं: क्युबाचं स्वातंत्र्य राखण्यासाठी आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी अमेरिका हस्तक्षेप करू शकेल. दुसऱ्याचं स्वातंत्र्य राखायला त्याच्या घरात फौज घालायची! वसईचा तह आणि तैनाती फौज शिकलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. टेलरने शांततेसाठी एक फट ठेवली होती, प्लॅटने तिथे कायमचा दरवाजा बसवला.

हवानातल्या घटना समितीत खडाजंगी झाली. ‘हे म्हणजे त्यांना आपल्या घराच्या किल्ल्या देणं, वाटेल तेव्हा, दिवसा-रात्री आत यायला,’ अशा अर्थाचं समितीतले हुआन ग्वाल्बेर्तो गोमेस बोलले. पण मान्य केल्याशिवाय युद्धानंतर क्युबात ठाण मांडून बसलेली अमेरिकन फौज हलणार नव्हती. १२ जून १९०१ ला १६ विरुद्ध ११ मतांनी ते स्वीकारलं गेलं आणि क्युबाच्या घटनेला परिशिष्ट म्हणून जोडलं गेलं. म्हणजे ‘घटनादुरुस्ती’ म्हणायचीच तर ती क्युबाची! क्युबातले अमेरिकन लष्करी गव्हर्नर लिओनार्ड वूड यांनी त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मोकळेपणाने कळवलं, की प्लॅटनंतर क्युबाला स्वातंत्र्य असं फारसं उरलेलं नाही.

२० मे १९०२ ला क्युबाचा झेंडा चढला. टेलरचा शब्द कागदोपत्री पाळला गेला. १९०६ मध्ये तिसऱ्या कलमाचा आधार घेऊन अमेरिका परत आली आणि १९०९ पर्यंत राहिली.

१९३४ च्या तहाने प्लॅटची कलमं गेली, पण आरमाराच्या कलमानुसार भाड्याने घेतलेला क्युबातला ग्वांतानामोचा तळ राहिला. तो सोडायचा तर दोघांची संमती हवी, किंवा अमेरिकेने आपणहून जागा सोडायला हवी. सुरुवातीचं भाडं वर्षाला दोन हजार डॉलर, तेही सोन्यात. पुढे ते ४,०८५ डॉलर झालं. क्रांतीनंतर कास्त्रो सरकारने १९५९ चा एक चेक वटवला. त्यापुढचे चेक कास्त्रोंनी टेबलाच्या खणात साठवून ठेवले.