डॉल मेंढ्याची गाइडसह शिकार

अलास्कातील उंच पर्वतरांगांत परवानाधारक गाइडच्या सोबतीने होणारी रानमेंढ्याच्या नराची शिकार. अमेरिकेच्या या राज्यात बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला डॉल मेंढा मारायचा असेल, तर कायद्याने सहसा गाइड घ्यावा लागतो. त्यामुळे ही शिकार म्हणजे एकाच वेळी आठ-दहा दिवसांची खडतर डोंगरमोहीम, मोठ्या खर्चाचा सौदा आणि सरकारी नियमांच्या चौकटीत चालणारा व्यवसाय असतो. तिचे यशापयश नेमबाजीपेक्षा दूरवरच्या नराच्या शिंगावरून त्याचे वय बिनचूक ओळखण्यावर जास्त ठरते. कायदा, गाइडचे पोट आणि कळपाचे भवितव्य या तिन्ही गोष्टी त्या शिंगाशी बांधलेल्या आहेत.

डॉल मेंढ्याला (ओव्हिस डॅली) हे नाव अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम हीली डॉल यांच्यावरून मिळाले असून त्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड नेल्सन यांनी १८८४ मध्ये केले. अलास्कातील ब्रूक्स, अलास्का, रँगल, चुगाच, टॉकीटना आणि केनाई या पर्वतांत, तसेच कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आणि मॅकेंझी पर्वतात हा पांढराशुभ्र प्राणी आढळतो. दक्षिणेकडे, कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात, त्याचाच गडद रंगाचा भाऊबंद स्टोन मेंढा राहतो. चरण्यासाठी गवताळ उतार आणि लांडगा आला की धाव घेण्यासाठी जवळच उभा कडा, अशी जागा डॉल मेंढ्या निवडतात. माद्यांची शिंगे आखूड आणि बारीक असतात. नराची मात्र कानशिलाजवळून मागे, खाली आणि पुन्हा पुढे अशी वळत जातात.

ही शिंगे कधीच गळत नाहीत. उन्हाळ्यात चारा मुबलक असताना ती वाढतात आणि हिवाळ्यात वाढ थांबली की तेथे एक खोल वलय उमटते. बाजूने पाहिले असता दोन-तीन वर्षांच्या नराचे शिंग अर्धे वर्तुळ, चार-पाच वर्षांच्या नराचे पाऊण वर्तुळ आणि सात-आठ वर्षांच्या नराचे पूर्ण वर्तुळ भरते. बारा वर्षांचा मेंढा म्हणजे चांगलाच म्हातारा. अलास्काच्या बहुतेक भागांत शिकारीस पात्र ठरण्यासाठी नराचे निदान एक शिंग पूर्ण वळलेले असावे लागते, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली असावी लागतात, किंवा वलये मोजून त्याचे वय किमान आठ वर्षे भरावे लागते. या तिन्हींपैकी एकही अट पुरी होत नसेल तर तो नर कितीही देखणा असला तरी त्याला हात लावता येत नाही. आपल्याकडे गुरांच्या बाजारात बैलाचे तोंड उघडून दोनदाती, चारदाती की जुळलेला हे पाहतात आणि मगच सौदा होतो. येथे जनावर दोन-तीनशे मीटरवर कड्याच्या माथ्यावर बसलेले असते, आणि त्याचे वय दुर्बिणीतूनच वाचायचे असते.

आठ वर्षांच्या या मर्यादेमागे जुना आणि कष्टाने मिळवलेला आधार आहे. चार्ल्स शेल्डन हे निसर्गप्रेमी शिकारी १९०६ मध्ये आणि पुन्हा १९०७-०८ च्या हिवाळ्यात डेनाली शिखराच्या उत्तर पायथ्याशी डॉल मेंढ्यांच्या अभ्यासासाठी राहिले. त्यांच्या सोबतीला वाटाड्या आणि सामानवाहक म्हणून हॅरी कार्स्टन्स होते. खाणकामगारांच्या छावण्यांना मांस पुरवण्यासाठी चाललेली सरसकट कत्तल पाहून शेल्डन यांनी या प्रदेशाला संरक्षण मिळावे म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९१७ मध्ये माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. कार्स्टन्स १९१३ मध्ये डेनालीवर चढलेल्या पहिल्या तुकडीत होते आणि १९२१ मध्ये या उद्यानाचे पहिले अधीक्षक झाले. शिकाऱ्याने आणि त्याच्या वाटाड्याने मिळून शिकारबंदीचे क्षेत्र उभे करावे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये. पुढे जीवशास्त्रज्ञ एडॉल्फ म्युरी यांनी त्याच उद्यानात लांडगे आणि मेंढ्या यांचा अभ्यास करताना डोंगरभर विखुरलेल्या शेकडो कवट्या गोळा केल्या आणि शिंगांवरची वलये मोजून प्रत्येक जनावर कोणत्या वयात मेले ते ठरवले. त्यांपैकी ६०८ कवट्यांवरून एडवर्ड डीव्ही यांनी १९४७ मध्ये मांडलेली जीवनसारणी (कोणत्या वयात किती जनावरे मरतात याचा तक्ता) परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अजूनही दिली जाते. पहिले वर्ष पार केलेले मेंढरू भर वयात क्वचितच मरते आणि आठ-नऊ वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने वाढते, असे त्या सारणीतून दिसते. पूर्ण वळणाचा नर नेमका त्या उंबरठ्यावर असतो, आणि त्याला टिपल्याने कळपाच्या वाढीला फारसा धक्का लागत नाही, हा या नियमाचा मूळ विचार आहे.

अलास्काच्या रहिवाशाला डॉल मेंढ्यासाठी गाइडची सक्ती नाही. अमेरिकेच्या इतर राज्यांतून आलेल्या शिकाऱ्याला मात्र परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा सज्ञान नातेवाईक सोबत असावा लागतो. तपकिरी अस्वल आणि पर्वतीय बकरा यांनाही हाच नियम लागू आहे. परदेशी नागरिकाला तर तेथील कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी गाइड घ्यावाच लागतो. पूर्वी गाइडांना ठरावीक मुलूख एकहाती वाटून दिले जात. १९८८ मध्ये ओव्सिचेक खटल्यात अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली, कारण राज्याच्या घटनेनुसार वन्यजीव हे सर्व लोकांच्या सामाईक उपयोगासाठी आहेत. निकाल तत्त्वाला धरून होता, यात शंका नाही; पण राज्याच्या मालकीच्या जमिनीवर त्याचा परिणाम असा झाला की एकाच खोऱ्यात अनेक गाइडांचे तंबू पडू लागले आणि पुढच्या वर्षासाठी नर राखून ठेवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. स्वतःचा मुलूख असलेला गाइड सात वर्षांचा नर सोडून देतो, कारण पुढच्या वर्षी तो आपल्यालाच भेटेल याची त्याला खात्री असते. ब्रिटिश कोलंबियात एकहाती मुलुखाची पद्धत टिकून आहे. अलास्कात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वन्यजीव आश्रयस्थानांत गाइडांची निवड स्पर्धेने होते, त्यामुळे तेथे गर्दी आटोक्यात राहते.

बहुतेक भागांत हंगाम १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर असा असतो. शिकारी अँकरेज किंवा फेअरबँक्समार्गे एखाद्या लहान धावपट्टीवर येतो आणि तेथून पायपर सुपर कब या दोन आसनी विमानाने डोंगरात जातो. या विमानाला मोठे, मऊ टायर असतात आणि ते नदीपात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यावरही उतरते. वैमानिकामागे एकच माणूस मावत असल्याने गाइड आणि शिकारी वेगवेगळ्या खेपांत पोहोचतात. ज्या दिवशी विमानप्रवास झाला त्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच ती सुरू करता येते. शिवाय २०१५ मध्ये राज्याच्या शिकार मंडळाने हंगामात विमानातून मेंढे हुडकण्यास बंदी घातली. त्यामुळे एकदा खाली उतरले की भिस्त पायांवर आणि डोळ्यांवर.

मोहिमेचे बहुतेक तास पाहण्यात जातात. गाइड धारेच्या आडोशाला पालथा पडतो, तिपाईवर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण) लावतो आणि समोरचा डोंगर घळीघळीने वाचत जातो. दुरून पांढरा ठिपका दिसला तरी तो दगड असू शकतो, बर्फाचा उरलेला तुकडा असू शकतो किंवा माद्यांचा कळप असू शकतो. नर दिसला की दरी उतरून, थंडगार प्रवाह ओलांडून, समोरच्या घसाऱ्यावरून आडवे जात त्याच्या वरच्या अंगाला पोहोचावे लागते, कारण मेंढ्यांचे लक्ष सहसा खालच्या बाजूला असते. सकाळी वारा उतारावरून खाली वाहतो आणि ऊन चढले की वर. हा बदल ध्यानात घेतला नाही तर माणसाचा वास आधी पोहोचतो आणि चार तासांची चढाई वाया जाते. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर पाय ठेवलेल्या वाचकाला त्या निसटत्या दगडांची कल्पना येईल. पाठीवर वीस-पंचवीस किलोंची सॅक घेऊन दिवसभर अशाच उतारावर वावरायचे असते, आणि परतताना मांसामुळे ते ओझे आणखी वाढते.

वय वाचण्याचा क्षण सर्वांत कठीण. नर डोके वळवतो, क्षणभर शिंग बरोबर बाजूने दिसते आणि पुन्हा झाकले जाते. वर्तुळ पूर्ण भरले आहे की बोटभर कमी आहे, हे दिसणे कोनावर अवलंबून असते. खालून पाहिले तर अपुरे वळणही पुरे भासते. मग गाइड वलये मोजू लागतो. सुरुवातीच्या काही वर्षांतल्या वाढीचे पेर लांब असते, पुढची पेरे आखूड होत जातात आणि बुडाशी वलये इतकी दाटतात की उन्हाची तिरीप हवी तशी पडल्याशिवाय ती वेगळी दिसत नाहीत. शिवाय खोटी वलयेही असतात. शिकारी बंदूक रोखून तयार असतो, त्याने एवढे पैसे मोजलेले असतात, हंगामाचा शेवट आलेला असतो आणि गाइड सांगतो, "सातच भरतात." चांगला गाइड ओळखायचा तो येथे. चुकून अपात्र नर पडला तर शिंगे आणि मांस सरकारजमा होते, दंड होऊ शकतो आणि गाइडच्या परवान्यावरही गदा येऊ शकते.

अनेक मोहिमा हवामानाने बुडतात. ऑगस्टमध्येही हिमवर्षाव होतो आणि दरीत धुके भरले की दहा पावलांवरचे दिसत नाही. दोन माणसे लहानशा तंबूत तीन-तीन दिवस पडून राहतात. तंबूच्या आतल्या बाजूला जमलेले पाणी झोपण्याच्या पिशवीवर ठिबकत असते, बूट वाळत नाहीत आणि शिधा मोजून खावा लागतो. मोहीम संपली तरी विमान येईलच असे नाही. ढग उठेपर्यंत नदीकाठी वाट पाहावी लागते. हवामानामुळे गेलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

खर्चाचा आकडा मोठा असतो. बाहेरच्या राज्यातील शिकाऱ्याला शिकार परवान्यासाठी १६० डॉलर आणि मेंढ्याच्या टॅगसाठी (एक मेंढा मारण्याच्या खास परवानगीसाठी) ८५० डॉलर भरावे लागतात. खरा भार गाइडच्या शुल्काचा असतो आणि ते साधारणतः वीस हजार डॉलरांच्या पुढे जाते. स्टोन मेंढ्यासाठी त्याहून पुष्कळ जास्त मोजावे लागतात. डॉल, स्टोन, रॉकी पर्वतातला बिगहॉर्न आणि वाळवंटी बिगहॉर्न असे चारही मेंढे मिळवणे याला शिकारी 'ग्रँड स्लॅम' म्हणतात आणि या हौसेने किमती आणखी चढवल्या आहेत. मोंटाना राज्याच्या एका बिगहॉर्न टॅगला २०१३ च्या लिलावात ४,८०,००० डॉलर मिळाले होते. असा पैसा मुख्यतः मेंढ्यांच्या संवर्धनासाठीच वापरला जातो, हे या व्यवहाराचे समर्थन खरे आहे. तरीही सर्वांच्या सामाईक मालकीचा प्राणी मोजक्या श्रीमंतांच्या आवाक्यात राहतो, हा आक्षेप त्याने निकालात निघत नाही.

गेल्या दशकात या व्यवसायाचा पायाच डळमळला आहे. २०१३ मध्ये वसंत ऋतू फार उशिरा आला आणि ब्रूक्स रांगेत मेंढ्यांची संख्या एकदम घटली. त्यानंतरच्या काही कडक हिवाळ्यांनी इतर रांगांतही तेच केले. हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठला की गवतावर बर्फाचे कवच चढते, मेंढ्यांच्या खुरांना ते फुटत नाही आणि गाभण माद्या खंगतात. अशा वर्षाची खूण पुढे बराच काळ राहते: २०१३ मध्ये जे कोकरू जगले नाही, ते २०२१ मध्ये आठ वर्षांचा नर म्हणून कोणालाच दिसणार नव्हते. अलास्का रांगेच्या पश्चिम भागातील १९-सी या विभागात २०२३ मध्ये बाहेरच्या शिकाऱ्यांना पाच वर्षांसाठी मेंढ्याची शिकार बंद करण्यात आली. स्थानिक शिकाऱ्यांनी घट होण्याचे खापर गाइडांवर फोडले आणि गाइडांनी हवामानाकडे बोट दाखवले. फक्त म्हातारे नर टिपल्याने माद्या आणि कोकरे घटत नाहीत, म्हणून गाइडांचे म्हणणे जास्त सयुक्तिक वाटते. पण मोजकेच पात्र नर उरलेल्या खोऱ्यात पाच-सहा तंबू पडले तर तेथे काहीच शिल्लक राहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

शिंगाच्या नियमाचा आणखी एक धोका शेजारच्या कॅनडात दिसून आला. आल्बर्टातील रॅम माउंटन येथे बिगहॉर्न मेंढ्यांवर अनेक दशके चाललेल्या अभ्यासातून, मोठ्या शिंगांचे नर सतत मारले गेल्याने पुढच्या पिढ्यांत लहान शिंगे आनुवंशिकतेनेच येऊ लागली, असा निष्कर्ष २००३ मध्ये मांडला गेला. तेथे चार-पंचमांश वळणाच्या नरालाही परवानगी होती. म्हणजे भराभर शिंग वाढणारा तरुण नर माद्यांशी जोडी जमवण्याच्या वयाआधीच बळी पडत असे. हा निष्कर्ष सगळीकडे लागू पडतो का, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अलास्कातील पूर्ण वळणाची अट या बाबतीत बरीच सुरक्षित आहे, कारण नराला प्रजननाचे काही हंगाम मिळालेले असतात.

भारतात लडाखमध्ये न्यान आणि शापू हे रानमेंढे आढळतात. ब्रिटिश काळात स्थानिक शिकाऱ्यांना वाटाडे म्हणून घेऊन गोरे अधिकारी त्यांच्या मागावर जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे दोन्ही प्राणी संरक्षित असून त्यांच्या शिकारीला मनाई आहे.

अलास्कात मेंढा पडल्यानंतरही काम संपत नाही. खाण्याजोगे सगळे मांस डोंगरातून बाहेर आणणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मांसाआधी शिंगे हलवता येत नाहीत. त्यामुळे पाठीवरून मांसाच्या खेपा कराव्या लागतात. शिंगे मात्र तीस दिवसांच्या आत राज्याच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात न्यावी लागतात. तेथील कर्मचारी शिंग टेबलावर ठेवून वळण तपासतो, वलयांवरून बोट फिरवत वर्षे मोजतो, प्रत्येक वर्षाची वाढ टेपने मोजून लिहून घेतो आणि शिंगाला भोक पाडून त्यात क्रमांक असलेली धातूची खूण कायमची बसवतो.