महाधमनी फाटते तेव्हा दुरुस्ती जांघेतून का करतात?

वेगातली गाडी धडकून थांबते तेव्हा छातीचा पिंजराही थांबतो, पण हृदय आणि महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) कमान झोकात पुढे जाते. कण्याला धरून खाली उतरणारा भाग मात्र जागचा हलत नाही. या दोन भागांच्या सीमेवर, डाव्या हाताची सबक्लेव्हियन धमनी फुटते तिथून जरा खाली, सगळा ताण येतो आणि भिंत फाटते. बहुतेक जखमी जागीच दगावतात. जे रुग्णालयात पोचतात, त्यांच्यात सहसा भिंतीच्या बाहेरच्या थराने आणि आजूबाजूच्या ऊतींनी रक्त कसेबसे अडवलेले असते.

इजेची श्रेणी सीटी अँजिओग्राफीवर, म्हणजे डाय देऊन काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनवर, ठरते. पहिल्या श्रेणीत फक्त आतल्या अस्तराला चीर असते, दुसरीत भिंतीतच रक्त साचते, तिसरीत फाटलेल्या जागी बाहेरच्या बाजूला फुगा येतो आणि चौथीत रक्त छातीत वाहू लागते. पहिल्या श्रेणीचे रुग्ण बहुधा औषधांवरच बरे होतात. शिरेतून एस्मोलॉलसारखे औषध देऊन नाडी मंद आणि वरचा रक्तदाब १२०च्या आत ठेवतात. चौथीत थांबायला वेळच नसतो. तिसरीत रुग्ण स्थिर असेल, तर आधी पोटातला रक्तस्राव आणि मेंदूची इजा सांभाळून महाधमनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणे बरेचदा शहाणपणाचे ठरते.

उघड्या शस्त्रक्रियेत छाती डावीकडून उघडायची, डावे फुप्फुस मिटवायचे, महाधमनीला वर-खाली चिमटे लावायचे आणि मध्ये कृत्रिम नळी शिवायची. चिमटे लागले की मज्जारज्जूचा रक्तपुरवठा घटतो. अर्ध्या तासापलीकडे गेले की पाय लुळे पडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. जांघेतल्या धमनीतून आवरण घातलेली जाळीदार नळी (स्टेंट ग्राफ्ट) महाधमनीत नेऊन फाटलेली जागा आतून झाकतात; जांघेतून केलेल्या या दुरुस्तीचा खरा फायदा हाच, की चिमटा लावावा लागत नाही. जखम छोटी राहते ही वरकड कमाई. शल्यचिकित्सक निकोलाय व्होलोदोस यांनी युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये १९८७ साली, अपघातानंतर छातीतल्या महाधमनीला आलेल्या फुग्यासाठी स्टेंट ग्राफ्ट वापरला. आज शरीररचना जुळत असेल तर हाच पहिला पर्याय धरतात.

स्टेंट ग्राफ्ट म्हणजे निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारांचा सांगाडा आणि त्यावर पॉलिएस्टर किंवा पीटीएफई या प्लास्टिकचे आवरण. सोनोग्राफीत बघत जांघेतल्या फेमोरल धमनीत सुई घालतात, सुईतून तार सरकवतात. पुढे जाणारी नळी २० फ्रेंच किंवा त्याहून जाड, म्हणजे सुमारे ७ मि.मी. किंवा अधिक व्यासाची असते. म्हणून ती घालण्याआधीच धमनीत दोन टाके भरून सैल सोडतात आणि शेवटी आवळतात. मऊ तार कॅथेटरमधून (बारीक पोकळ नळीतून) बदलून ताठ तार घेतात. तिचे टोक महाधमनीच्या झडपेच्या वर राहते. सी-आर्म (चालू चित्र दाखवणारे एक्स-रे यंत्र) डावीकडे तिरका केला की कमान उलगडून दिसते. डाय सोडून कमानीतून फुटणाऱ्या धमन्यांची जागा पक्की करतात, रक्तदाब थोडा उतरवतात आणि मग ग्राफ्ट सोडतात.

सगळे खरे तर मापात अडते. रक्त गेलेल्या रुग्णाची महाधमनी आकसलेली असते. त्या वेळच्या सीटीवरून माप घेतले, तर रक्त आणि द्रव दिल्यावर ती रुंदावते आणि ग्राफ्टच्या कडेने गळती सुरू होते. त्या भीतीने फार मोठा ग्राफ्ट घातला तर तो आत दुमडतो आणि पायांकडचा प्रवाहच अडतो. व्यासापेक्षा साधारण १० टक्के मोठा ग्राफ्ट सहसा जमतो. शंका असेल तर तारेवरून धमनीच्या आत सोनोग्राफीचा प्रोब नेऊन पुन्हा मोजतात. तरुणांची कमान घट्ट वळलेली असते. तिथे ग्राफ्टची कड आतल्या वळणाला टेकली नाही, तर खालून शिरणारे रक्त ती उचलते आणि ग्राफ्ट कोसळू शकतो.

कड नीट बसायला फाटलेल्या जागेच्या वर २० मि.मी. निरोगी भिंत हवी. तेवढी नसल्यास डाव्या सबक्लेव्हियनचे तोंड झाकावे लागते. पुष्कळांचा हात हे निभावून नेतो, पण तिच्यातूनच निघून मेंदूच्या मागच्या भागाला जाणारी डावी धमनी वरचढ असेल, किंवा हृदयाच्या बायपासनंतर हृदयाचे रक्त तिथूनच जात असेल, तर आधी मानेत जोडधमनी करणे आवश्यक ठरते. हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचाही पेच असतोच: तारेवर गुठळी नको म्हणून ते द्यायचे, पण मेंदूत रक्तस्राव असला तर मात्रा उतरवायची किंवा टाळायची.

हीच पद्धत हासळीच्या हाडामागच्या धमनीलाही उपयोगी पडते, कारण तिथे चाकूने पोचणे अवघड. मात्र हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये स्टेंट चेपला जाऊ शकतो. गुडघ्यामागे तर प्रत्येक हालचालीत स्टेंट वाकतो आणि बंद पडण्याची भीती राहते, म्हणून तिथे पायाचीच शीर वापरून केलेला बायपास अजूनही सरस.

छातीतल्या ग्राफ्टची सीटी तपासणी पहिल्या महिन्यात, मग वर्षभरात आणि पुढेही अधूनमधून करतात. रुग्ण पंचविशीचा असेल तर ही तपासणी आयुष्यभराची होते: वयाबरोबर महाधमनी रुंदावत जाते, ग्राफ्टचे माप तेवढेच राहते.