होडीवर नाव कोणाचं?

एकट्याने महासागर ओलांडायच्या शर्यतींचा इतिहास होड्यांच्या नावांवरून कळतो. १९६० साली इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या पहिल्या शर्यतीत 'जिप्सी मॉथ' आणि 'जेस्टर' होत्या. आज फ्रान्सच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या होडीवर बँकेचं नाहीतर विमा कंपनीचं नाव असतं. हौशी दर्यावर्दीचा व्यावसायिक कधी झाला, ते या नावांतच दिसतं.

पहिल्या शर्यतीमागे अर्ध्या क्राउनची पैज होती असं सांगतात. पाच जण निघाले, पाचही पोचले. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिले. चार वर्षांनी एरिक ताबार्ली या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने याच शर्यतीत अटलांटिक २७ दिवसांत ओलांडला. अध्यक्ष द गॉल यांनी त्याला मानाचं पदक दिलं आणि ब्रिटिशांचा हा खेळ फ्रेंचांनी आपलासा केला.

१९६८ ची 'गोल्डन ग्लोब' मात्र अजून ब्रिटिशांचीच होती: कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, शर्यत पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, ३१२ दिवसांत. त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' मुंबईत बांधलेली. सागवानी फळ्या, आणि त्या तासायला वाकस धरणारे आपल्याकडचे सुतार. 'सुहैली' हे इराणच्या आखातातल्या एका वाऱ्याचं नाव. कंपनीचं नाव त्या होडीवर कुठेच नव्हतं.

पण त्याच शर्यतीत 'टेनमथ इलेक्ट्रॉन'ही होती. टेनमथ हे वर्गणीला हातभार लावणारं गाव, इलेक्ट्रॉन ही मालकाची स्वतःची कंपनी. डोनाल्ड क्रोहर्स्टने उसन्या पैशावर ती बांधली होती आणि शर्यत अर्धवट सोडली तर पुरस्कर्त्याकडून होडी विकत घ्यायची जबाबदारी त्याच्यावर येणार होती. होडी तर दक्षिण महासागराच्या लायकीची नव्हती. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. १९६९ च्या जुलैत रिकामी होडी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. पुरस्कर्त्याचा पैसा नाखव्याच्या मानगुटीवर कसा बसतो, हे या व्यवसायाला त्याच्या जन्माआधीच कळलं होतं, असं मला वाटतं.

१९७६ मध्ये आलाँ कोलास ७२ मीटर लांबीचं, चार डोलकाठ्यांचं जहाज एकटा घेऊन अटलांटिक शर्यतीत उतरला. जहाजाचं नाव 'क्लब मेडिटेरने', म्हणजे सहली आणि रिसॉर्ट चालवणारी कंपनी. इंग्लिश आयोजकांनी पुढच्या खेपेसाठी लांबीवर मर्यादा घातली. फ्रेंचांनी १९७८ मध्ये सँ-मालो ते कॅरिबियनमधलं ग्वादलूप बेट अशी स्वतःची शर्यत काढली, 'रूट द्यु रम', आणि लांबीची अट ठेवलीच नाही. २३ दिवसांनंतर पहिला आणि दुसरा यांच्यात ९८ सेकंदांचं अंतर राहिलं. जिंकलेल्या छोट्या तीन-सांगाड्यांच्या होडीचं नाव होतं 'ऑलिम्पस फोटो', हरलेलीचं 'क्रिटर', म्हणजे एक कॅमेरा आणि एक फेसाळ वाईन. कोलास त्याच शर्यतीत बेपत्ता झाला, तो कायमचाच.

यातून फ्रान्समध्ये चढत्या पायऱ्या तयार झाल्या: आधी साडेसहा मीटरच्या 'मिनी' होडीतून अटलांटिक, मग 'फिगारो' ही टप्प्याटप्प्यांची एकट्याची शर्यत, मग साठ फुटी होडी आणि १९८९ पासून 'व्हाँदे ग्लोब', म्हणजे एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत. पहिल्या वेळी तितुआँ लामाझू १०९ दिवसांत आला. २०२५ मध्ये शार्ली दालँने ६४ दिवस लावले. वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या तेव्हाही होत्या, आताही आहेत. वाढलं ते किनाऱ्यावरचं काम.

एलन मॅकआर्थरचंच बघा. समुद्रापासून दूर डर्बीशरमधली मुलगी, शाळेतल्या जेवणाचे पैसे साठवून पहिली होडी घेतली. पुढे पुरस्कर्त्यासाठी दोन हजारांवर पत्रं लिहिली. उत्तरं आली दोन. चोविसाव्या वर्षी ती व्हाँदे ग्लोबमध्ये दुसरी आली. होडीचं नाव 'किंगफिशर'. आपल्याला आठवते ती बिअर नव्हे, युरोपातली दुकानांची साखळी!

आपल्याकडे हे सारं नौदलाच्या पगारावर झालं. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या ध्यासातून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. नाव नदीचं, पुरस्कर्त्याचं नव्हे. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून चार थांबे घेत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकही थांबा न घेता. दोंदेंनी धडे घेतले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच.

२०१८ च्या नव्या गोल्डन ग्लोबसाठी टॉमींची 'थुरिया'ही गोव्यातच घडली, 'सुहैली'ची प्रतिकृती म्हणून. हिंदी महासागरात वादळाने ती उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. पुढे नौदल सोडून ते २०२२ मध्ये पुन्हा उतरले आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. या वेळी होडीवर नाव होतं 'बयानात': अबुधाबीतली एक कंपनी.