तहानलेली केबल

'अमुक बेट आता १०० टक्के पवनऊर्जेवर' अशी बातमी अधूनमधून येते. वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो, की मग उरलेली वीज केबल टाकून मुख्य भूमीवर का आणत नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक गैरसमज दडलेला असतो. केबल म्हणजे जणू पाण्याची नळी, इकडून सोडलं की तिकडे मिळालं, असं आपण धरून चालतो.

आधी त्या '१०० टक्क्यां'बद्दल. हा आकडा बहुतेक वेळा वर्षभराच्या बेरजेचा असतो. वर्षात बेटावर जेवढी वीज वापरली गेली तेवढी किंवा त्याहून जास्त तिथे तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. वारा पडलेल्या आठवड्यात दिवे लागतात ते बहुतेकदा मुख्य भूमीवरून आलेल्या विजेवर. ही गोष्ट बातमीत न सांगणं मला फसवणुकीच्या जवळचं वाटतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ऑर्कनी बेटं वर्षाच्या हिशेबात आपल्या गरजेपेक्षा जास्त वीज बनवतात. पण वर्षानुवर्षं त्यांचा आधार होता तो ३३ किलोव्होल्टच्या दोन समुद्री केबलींचा. दोन्ही मिळून क्षमता जेमतेम ४० मेगावॅटच्या आसपास. त्यामुळे उत्तम वारा सुटलेला असताना पवनचक्क्यांची पाती वाऱ्याला कड करून थांबवून ठेवावी लागत.

मग मोठी केबल टाकायची. इथेच खरी गंमत सुरू होते.

समुद्री केबलीचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. मधोमध मनगटाएवढा जाड तांब्याचा वाहक. त्याभोवती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा क्रॉस-लिंक्ड पॉलिथिनचा, म्हणजे विद्युतरोधक प्लास्टिकचा, थर. त्यावर पाणी आत शिरू नये म्हणून शिशाचं आवरण, ते जमिनीशी जोडलेलं. अशा तीन फेजच्या तीन गाभ्यांना एकत्र पीळ देऊन बाहेरून पोलादी तारांचं चिलखत चढवतात. दोन धातू आणि मधे विद्युतरोधक, ही शाळेत शिकलेल्या कपॅसिटरचीच रचना आहे. फक्त हा कपॅसिटर पन्नास-शंभर किलोमीटर लांब असतो.

एसी विजेचं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतं. प्रत्येक वेळी हा कपॅसिटर भरावा लागतो आणि रिकामा करावा लागतो. त्यासाठी जो करंट लागतो तो ग्राहकाला कधीच मिळत नाही. तो केबलीत नुसता आत-बाहेर करत राहतो, पण तांबं मात्र तितकंच तापवतो. आकडे घालून पाहू. २२० किलोव्होल्टच्या जाड केबलीची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किलोमीटरला सुमारे ०.२ मायक्रोफॅरड धरा. एका फेजचं जमिनीच्या तुलनेतलं व्होल्टेज १२७ किलोव्होल्ट (२२० भागिले तीनचं वर्गमूळ). ५० हर्ट्झला गणित केलं की दर किलोमीटरला ८ अँपिअर येतात. म्हणजे शंभर किलोमीटरला ८०० अँपिअर, आणि अशा केबलीची एकूण झेप असते साधारण १,००० अँपिअरची.

उपयोगी करंट आणि हा भरणा-करंट यांच्यात ९० अंशांचं अंतर असतं, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी होत नाही. पायथागोरसचा नियम लावावा लागतो. १,००० कर्ण, ८०० एक बाजू, म्हणजे दुसरी बाजू ६००. जी केबल ३८० मेगावॅट नेऊ शकली असती, ती जेमतेम २३० नेते. उघड्या तारांच्या टॉवरलाइनला हा त्रास फार कमी, कारण तिथे तारा एकमेकींपासून आणि जमिनीपासून कित्येक मीटर दूर असतात.

आता नकाशा पाहा. ऑर्कनीसाठी आखलेली नवी जोडणी आहे २२० किलोव्होल्टची, एसी, पन्नासेक किलोमीटर समुद्रातून. गणितात बसते. त्यापलीकडच्या शेटलंड बेटांचं अंतर आहे सुमारे २६० किलोमीटर. आठाने गुणा, २,००० अँपिअरच्या वर जातं. एका टोकाकडून भरायला गेलात तर निम्मं अंतर गाठायच्या आतच केबल भरते. म्हणून २०२४ मध्ये सुरू झालेली शेटलंडची ६०० मेगावॅटची जोडणी डीसी आहे, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची.

एसीच ठेवायची असेल तर उपाय आहे शंट रिअॅक्टर. अणुभट्टीशी याचा काही संबंध नाही. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली ती एक प्रचंड कॉइल असते, तेलाच्या टाकीत बुडवलेली. कॉइलचा करंट कपॅसिटरच्या बरोबर उलटा असतो, त्यामुळे केबल जे मागते ते कॉइल तिथल्या तिथे पुरवते. दोन्ही टोकांना निम्मे-निम्मे रिअॅक्टर बसवले की कोणत्याही टोकाला भरणा-करंट ४०० अँपिअरपुरताच राहतो आणि उपयोगी करंट ६०० वरून ९१७ वर जातो. बेटाकडच्या दुबळ्या ग्रिडचं व्होल्टेज केबलीमुळे भलतंच चढतं, तेही आवाक्यात येतं.

पण या उपायातून एक नवं दुखणं निघतं. ते थोडं किचकट आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रेकर, म्हणजे केबल चालू-बंद करणारा मोठा स्विच, करंट तोडतो तो करंट शून्यावर येतो त्या क्षणी. एसीत असे क्षण सेकंदाला १०० येतात. आता समजा, व्होल्टेज शून्य असताना ब्रेकर लावून केबल चालू केली. कॉइलचा करंट व्होल्टेजच्या ९० अंश मागे असतो, म्हणजे त्या क्षणी तो शिखरावर असायला हवा. पण कॉइलमधला करंट एकदम उडी मारू शकत नाही, तो शून्यापासूनच निघतो. ही तूट भरून निघते ती एका डीसी हिश्शाने: अख्खी लाट शिखराएवढी वर सरकते. आपल्या उदाहरणात भरणा-करंटपैकी ८० टक्के कॉइल भागवते असं धरलं तर तिचा करंट ६४० अँपिअर, त्याचं शिखर सुमारे १.४ पट, म्हणून हा सरकाव सुमारे ९०० अँपिअरचा होतो. उलट केबल आणि कॉइल यांचे एसी हिस्से एकमेकांना खातात, शिल्लक उरते शिखराला फक्त २२५ अँपिअरची लाट. म्हणजे ब्रेकरमधला करंट ६७५ ते १,१२५ यांच्यात डोलत राहतो आणि शून्याला शिवतच नाही. कॉइलचा रोध अगदी कमी, म्हणून हा सरकाव विरायला काही सेकंद जातात. नेमक्या त्या वेळात एका फेजवर बिघाड निघून ब्रेकर उघडला, तर उरलेल्या निरोगी फेजमधली ठिणगी विझत नाही. ब्रेकर आतून जळतो.

यावर एक तोड म्हणजे प्रत्येक फेज तिचं व्होल्टेज शिखरावर असताना वेगवेगळी लावायची. कॉइल खूश, पण कपॅसिटरला तो क्षण सर्वांत वाईट, कारण केबलीत करंटची उसळी येते. दुसरी तोड म्हणजे सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांपुरता मधे रोध घालायचा. कोणती निवडायची ते त्या जागेच्या ग्रिडवर ठरतं.

डीसीत हे काहीच उरत नाही. केबल एकदा भरली की भरली. स्वीडनच्या गॉटलंड बेटाला १९५४ मध्येच डीसी जोडणी मिळाली, २० मेगावॅट, १०० किलोव्होल्ट, पाऱ्याच्या वाफेच्या व्हॉल्व्हवर. त्यामागचे अभियंते उनो लाम. तेव्हा वीज मुख्य भूमीकडून बेटाकडे जायची. एसीची डीसी आणि डीसीची एसी करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रूपांतरकाला चालायला समोर दमदार एसी ग्रिड लागतं, आणि बेटाकडे नेमकं तेच नसतं. आजचे ट्रान्झिस्टरवर चालणारे रूपांतरक स्वतःच व्होल्टेजची लाट घडवतात आणि अंधारातलं बेटही उठवू शकतात. वीज उलट दिशेला न्यायची तर ते करंट उलटा करतात, ध्रुव तेच राहतात. पॉलिथिनमध्ये अडकलेला विद्युतभार ध्रुव बदलताच घात करतो, म्हणून ही बाब मोलाची. किंमत म्हणजे दोन्ही टोकांना इमारतीएवढी रूपांतरक केंद्रं आणि प्रत्येकी सुमारे एक टक्का वीज वाया.

'केबलीतून समुद्रात करंट उतरतो, मासे मरतात' ही भीती मात्र सोडून द्यावी. बाहेरचं धातूचं आवरण जमिनीशी जोडलेलं असल्यामुळे आतलं विद्युतक्षेत्र आतच राहतं. चुंबकीय क्षेत्र बाहेर येतं हे खरं. १,००० अँपिअरच्या येण्या-जाण्याच्या दोन डीसी केबली एकमेकींना बांधून टाकल्या तर एक मीटरवर ते सुमारे ३० मायक्रोटेस्ला भरतं आणि तीन मीटरवर तीन-साडेतीन. पृथ्वीचं स्वतःचं ५० च्या आसपास असतं.

केबलीचे खरे वैरी म्हणजे ओढत गेलेले नांगर, तळ खरवडणारी मासेमारीची जाळी आणि खडकावरचं घासणं. म्हणून ती मीटर-दीड मीटर गाडतात, आणि गाडता येत नाही तिथे वरून दगड टाकतात. तरीही तुटलीच तर किनाऱ्यावरून विजेचा एक स्पंद सोडून प्रतिध्वनी मोजतात. स्पंद मायक्रोसेकंदाला १७० मीटर जातो. प्रतिध्वनी ६०० मायक्रोसेकंदांनी परतला तर बिघाड ५१ किलोमीटरवर. वेग एक टक्का चुकला तरी जागा अर्धा किलोमीटर सरकते, म्हणून पुढचा शोध जहाजावरून घ्यावा लागतो. मग केबल कापायची, पाणी जिथवर शिरलंय तेवढा तुकडा काढून टाकायचा, एक टोक डेकवर ओढून जादा केबल जोडायची, मग दुसरं टोक. टोकं तळापासून डेकपर्यंत आणावी लागतात, म्हणून मधे घालायचा तुकडा खोलीच्या हिशेबाने लांब घ्यावा लागतो आणि शेवटी तो तळावर कडेला वळसा देऊन ठेवतात. एकेका सांध्याला दिवसचे दिवस लागतात, धूळ चालत नाही, आणि तेवढा वेळ समुद्र शांत असावा लागतो. या कामासाठी केबलीची मूळ मागणी नोंदवतानाच काही किलोमीटर जास्तीची बनवून घेतात आणि बंदराजवळ मोठ्या चकतीवर गुंडाळून ठेवतात.