मिसिसिपी, १९६४ : सत्त्याऐंशी टक्क्यांमागचा इतिहास

३ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन यांनी ४४ राज्ये जिंकली. देशभरात त्यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि अध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या, राज्यवार निवडल्या जाणाऱ्या ५३८ निर्वाचकांपैकी ४८६ त्यांच्या बाजूने आले. त्याच दिवशी मिसिसिपी राज्याने मात्र रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना ८७.१ टक्के मते दिली. गोल्डवॉटर यांना ३,५६,५२८ आणि जॉन्सन यांना ५२,६१८ मते मिळाली. ज्या ॲरिझोनाचे गोल्डवॉटर सिनेटर होते, तिथे ते जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने तरले, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे मिसिसिपीच्या कौलाचे वेगळेपण ध्यानात येते.

हे राज्य रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला मुळीच नव्हते. १९३६ साली याच मिसिसिपीने डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ९७ टक्के मते दिली होती, आणि १८७२ नंतर तिथे एकही रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला नव्हता. तीन दशकांच्या आत ९७ टक्के एका पक्षाला आणि ८७ टक्के दुसऱ्या पक्षाला, असा उलटा कौल एकाच राज्यातून कसा येतो, हा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर पक्षांच्या जाहीरनाम्यांपेक्षा मतदारयादीत अधिक सापडते. दोन्ही वेळा मतदान करणारा समाज जवळजवळ एकच होता, आणि राज्यातील कृष्णवर्णीय लोकसंख्या (१९३६ च्या सुमारास जवळजवळ निम्मी, १९६४ च्या सुमारास बेचाळीस टक्के) दोन्ही वेळा मतदान केंद्राबाहेर ठेवलेली होती.

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात परिस्थिती अशी नव्हती. गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष घटनादुरुस्त्यांमुळे मतदार झाले होते आणि मिसिसिपीत त्यांचे बहुमत होते. १८७२ साली युलिसिस ग्रँट यांना या राज्याने जिंकून दिले, ते प्रामुख्याने त्यांच्याच मतांवर. हायरम रेव्हल्स आणि ब्लँच ब्रूस हे एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सिनेटमध्ये बसलेले दोनच कृष्णवर्णीय सदस्य, आणि दोघेही मिसिसिपीचेच. १८७५ च्या राज्य निवडणुकीत हे सारे बंदुकीच्या धाकाने मोडून काढण्यात आले. सशस्त्र टोळ्यांनी सभा उधळल्या, माणसे मारली, आणि पुढे दक्षिणेतील इतर राज्यांनीही ही पद्धत ‘मिसिसिपी योजना’ या नावाने उचलली.

दहशतीने मिळवलेली सत्ता दर निवडणुकीला दहशतीनेच राखावी लागते. ती कायद्यात बसवण्यासाठी १८९० साली जॅक्सन येथे राज्याची नवी घटना लिहिण्यात आली. घटना परिषदेच्या १३४ सदस्यांपैकी एकच कृष्णवर्णीय होता. अमेरिकेच्या पंधराव्या घटनादुरुस्तीमुळे वंशाचा उल्लेख करून मताधिकार काढता येत नव्हता; म्हणून वंशाचा उल्लेख न करता तोच परिणाम साधतील अशा अटी रचण्यात आल्या. राज्यात दोन वर्षांचे वास्तव्य, दोन डॉलरचा मतदान कर, आणि राज्यघटनेचे एखादे कलम वाचता येणे किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा ‘योग्य’ अर्थ सांगता येणे, अशा त्या अटी होत्या. योग्य काय, हे ठरवण्याचा अधिकार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या, नोंदणी अधिकाऱ्याकडे होता. ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचा मताधिकार कायमचा जाईल असेही कलम घालण्यात आले. त्या यादीत चोरी, जाळपोळ, खोटी साक्ष, द्विभार्याविवाह होते, खून नव्हता. राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मधील एका निकालात स्पष्ट लिहून ठेवले की, वंशावर थेट बोट ठेवता येत नसल्याने परिषदेने कृष्णवर्णीयांच्या स्थितीशी आणि त्यांच्याकडून अधिक घडतात असे तिने मानलेल्या गुन्ह्यांशी निगडित निकष निवडले. दोनच वर्षांनी, १८९८ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. १८९२ पर्यंत नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार नऊ हजारांच्याही खाली आले होते.

त्यानंतर अर्धे शतकभर मिसिसिपीत डेमोक्रॅटिक पक्षाला विरोधक उरला नाही. खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होई आणि ती गोऱ्यांपुरती असे. नोव्हेंबरचे मतदान हा उपचार राही. रूझवेल्ट यांना मिळालेले ९७ टक्के या बंदिस्त व्यवस्थेतून आले होते. मंदीच्या काळात त्यांच्या योजनांचा राज्याला मोठा आधार मिळाला हे खरे आहे, आणि ईशान्येकडील टुपेलो हे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या केंद्र सरकारच्या संस्थेची वीज घेणारे पहिले शहर ठरले, हेही तितकेच खरे. पण डेमोक्रॅटिक पक्षाशी असलेल्या निष्ठेच्या मुळाशी एक अलिखित करार होता : वॉशिंग्टनने दक्षिणेच्या वंशव्यवस्थेला हात लावायचा नाही.

तो करार १९४८ साली पहिल्यांदा मोडला. डेमोक्रॅट अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नागरी हक्कांचा कार्यक्रम मांडला आणि पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाने त्याला पाठिंबा देणारा ठराव केला, तेव्हा मिसिसिपीचे संपूर्ण शिष्टमंडळ सभागृहातून उठून गेले. बंडखोर दक्षिणी गटाने साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले, आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांचे जोडीदार होते मिसिसिपीचेच गव्हर्नर फील्डिंग राइट. राज्याने या जोडीला ८७ टक्के मते दिली. सोळा वर्षांनी गोल्डवॉटर यांना मिळालेला आकडा जवळजवळ तोच आहे. माझ्या मते १९६४ चा अर्थ लावताना १९३६ शी केलेल्या तुलनेपेक्षा १९४८ शी केलेली ही तुलना अधिक बोलकी आहे.

मधल्या काळात राज्य चाचपडत राहिले. १९५४ मध्ये शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल लागला. त्याच उन्हाळ्यात सनफ्लॉवर काउंटीतील इंडियानोला या गावी पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापन झाली. नोंदणीसाठी धडपडणाऱ्यांची नोकरी, कर्ज आणि जमीन काढून घेणे हे या संघटनेचे हत्यार होते. १९६० साली गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी केनेडी आणि निक्सन दोघांनाही नाकारून कोणालाही न बांधलेल्या निर्वाचकांची तिसरी यादी उभी केली. ती ३९ टक्के मतांवर निवडून आली आणि राज्याची आठही मते व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड यांना गेली. दोन वर्षांनी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला राज्य विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी केंद्राला सैन्य धाडावे लागले. जून १९६३ मध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची जॅक्सनमध्ये त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली.

या काळात नोंदणी कार्यालयात प्रत्यक्षात काय घडत होते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. फॅनी लू हॅमर या रूलव्हिलजवळच्या एका मोठ्या कापूसमळ्यावर वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातल्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या सतरा जणांसोबत बसने इंडियानोलाच्या न्यायालयात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. तिथे लांबलचक अर्ज भरावा लागे. नोकरी कुठे करता हेही त्यात विचारलेले असे, म्हणजे मालकाला कळवणे सोपे जाई. मग अधिकारी घटनेच्या २८५ कलमांपैकी त्याला वाटेल ते काढून देई. १९५४ च्या दुरुस्तीनंतर कलम नुसते वाचणे पुरत नव्हते. ते लिहून काढून त्याचा अर्थही लिहावा लागे. हॅमर यांच्या वाट्याला भूतलक्षी कायद्यांवरचे कलम आले, आणि त्या नापास ठरल्या. त्याच दिवशी मळेमालकाने त्यांना अर्ज मागे घ्या नाहीतर निघून जा असे सांगितले, आणि अठरा वर्षे जिथे राबल्या तो मळा त्यांना सोडावा लागला. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना झालेल्या मारहाणीने त्यांची प्रकृती जन्माची ढासळली. १९६२ मध्येच राज्याने आणखी एक नियम केला होता : अर्जदाराचे नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचे. हा नियम कोणासाठी होता, हे सांगायची गरज नाही.

मराठी वाचकाला इथे एक फरक प्रकर्षाने जाणवेल. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अक्षरओळख नसलेला शेतमजूरही उमेदवाराचे चिन्ह लावलेल्या पेटीत आपली मतपत्रिका टाकत होता. त्यानंतर बारा वर्षांनीही मिसिसिपीत साक्षरता हीच मताधिकाराच्या दारावरची कडी होती, आणि कित्येक पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षकही ती चाचणी ‘नापास’ होत होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न देशापुढे उघडा पडला. ‘फ्रीडम समर’ मोहिमेसाठी उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी स्वयंसेवक राज्यात आले. २१ जून रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते नेशोबा काउंटीत नाहीसे झाले. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह मातीच्या एका धरणाखाली सापडले. उन्हाळाभरात सुमारे सतरा हजार कृष्णवर्णीयांनी नोंदणीचा प्रयत्न केला आणि त्यांतले सुमारे सोळाशे अर्ज स्वीकारले गेले. दरम्यान २ जुलैला जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिले होते. त्यांनी १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता आणि या वेळचा आक्षेप खासगी व्यवसायांवरील केंद्राच्या अधिकाराबद्दल आहे, असे ते सांगत. मिसिसिपीच्या गोऱ्या मतदाराला या बारकाव्याचे सोयरसुतक नव्हते. त्याने त्या एका मताचा अर्थ आपल्या परीने लावला.

ज्या लोकांना राज्यात मत नव्हते त्यांनी स्वतःचा ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ हा पक्ष काढला आणि ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनात राज्याच्या अधिकृत, केवळ गोऱ्या शिष्टमंडळाच्या जागी आपल्याला बसवावे अशी मागणी केली. २२ ऑगस्टला पात्रता समितीपुढे हॅमर यांनी दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवर चालू असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी अचानक वार्ताहरांना बोलावले आणि कॅमेरे तिकडे वळले. पण संध्याकाळच्या बातम्यांत ती साक्ष देशाने ऐकलीच. इतर दक्षिणी राज्ये दुरावतील या भीतीने जॉन्सन यांनी नव्या पक्षाला दोन जागा देऊ केल्या, त्याही कोणाला द्यायच्या हे परस्पर ठरवून. पक्षाने त्या नाकारल्या. मला या साऱ्या घटनाक्रमातील सर्वांत क्लेशदायक भाग हाच वाटतो, कारण जॉन्सन यांना मनापासून पाठिंबा देणारे मिसिसिपीतले लोक हेच होते. ज्यांची मर्जी राखण्यासाठी त्यांना डावलले, त्या अधिकृत शिष्टमंडळातील बहुतेकांनी पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि ते घरी परतले. अटलांटिक सिटीहून परतल्यावरही नव्या पक्षाने जॉन्सन यांचा प्रचार केला, आणि निवडणुकीच्या तोंडावर घेतलेल्या प्रतीकात्मक मतदानात साठ हजारांहून अधिक लोकांनी मते टाकली. ही मते कुठल्याही अधिकृत निकालात मोजली गेली नाहीत.

त्या वेळी राज्यातील मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्केच मतदारयादीत होते. जानेवारीत चोविसावी घटनादुरुस्ती संमत होऊन केंद्रीय निवडणुकांपुरता मतदान कर रद्द झाला होता. तिला औपचारिक नकार कळवणारे राज्यही मिसिसिपीच. तरीही एकूण प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांशांनीच नोव्हेंबरमध्ये मत दिले. डेल्टाच्या कापूसपट्ट्यात, जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वाधिक, तिथल्या होम्ससारख्या काउंट्यांत गोल्डवॉटर यांचा हिस्सा ९० टक्क्यांच्याही वर गेला. उलट ईशान्येकडील डोंगराळ भागात, जिथे बहुसंख्य गोरेच होते, तो तुलनेने कमी राहिला. गोल्डवॉटर टेनेसी व्हॅलीची सरकारी वीज विकायला निघाले आहेत ही चिंता तिथे होती, आणि वंशाचा प्रश्न तितका धगधगता नव्हता. जिथे कृष्णवर्णीय शेजारी जास्त आणि त्यांची मते नगण्य, तिथेच गोल्डवॉटर यांची मते सर्वाधिक, असा हा नकाशा आहे. त्याच लाटेवर प्रेंटिस वॉकर हे पुनर्रचनेनंतरचे राज्याचे पहिले रिपब्लिकन प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये गेले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला, साक्षरता चाचण्या स्थगित झाल्या आणि केंद्राचे परीक्षक थेट काउंट्यांत बसून नावे नोंदवू लागले. १९६७ पर्यंत कृष्णवर्णीयांची नोंदणी ५९.८ टक्क्यांवर पोचली. १९६८ मध्ये राज्यात साडेसहा लाखांहून अधिक मते पडली, म्हणजे १९६४ पेक्षा सुमारे अडीच लाख जास्त. त्यांतील ६३ टक्के तिसऱ्या पक्षाकडून उभे राहिलेले, वंशविभाजनाचे समर्थक असलेले अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांना आणि २३ टक्के डेमोक्रॅट ह्यूबर्ट हम्फ्री यांना मिळाली. चार वर्षांपूर्वीच्या गोल्डवॉटर यांच्या पक्षाचे रिचर्ड निक्सन तिसऱ्या क्रमांकावर, १४ टक्क्यांच्या आत राहिले. गोऱ्या मतदाराने अजून पक्ष निवडलेला नव्हता, हे या आकड्यांतून दिसते. १९७२ ला निक्सन यांना ७८ टक्के मिळाले, १९७६ ला जिमी कार्टर यांनी पंधरा हजारांपेक्षा कमी मतांनी राज्य परत जिंकले, आणि त्यानंतर आजवर तिथे एकही डेमोक्रॅट अध्यक्षीय उमेदवार निवडून आलेला नाही. आता कृष्णवर्णीय मतदार मोठ्या प्रमाणावर मतदान करतात आणि बहुसंख्येने डेमोक्रॅट असतात. गोरे मतदार तितक्याच बहुसंख्येने रिपब्लिकन असतात.

१८९० च्या घटनेतील मतदान कर आणि अर्थ सांगण्याची चाचणी इतिहासजमा झाली. गुन्ह्यांच्या यादीचे कलम मात्र शिल्लक आहे. १९५० साली त्यातून घरफोडी वगळली गेली, १९६८ साली खून आणि बलात्काराची भर पडली, पण मूळ यादीतील बाकीचे गुन्हे तसेच राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये मिसिसिपी ज्याच्या कक्षेत येते त्या पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन सदस्यीय पीठाने हा आजन्म मताधिकारबंदीचा नियम घटनाबाह्य ठरवला होता. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निर्णय फिरवला, आणि हे कलम मिसिसिपीत लागू राहिले.